शोकातील ईश्वरानंद

बेळगाव-निपाणीकडून पंढरीस जाणाऱ्या वारकऱ्याचा ईश्वरानंद (ईश्वर सन्निध असल्याच्या विश्वासातून लाभणारी प्रसन्नता) म्हणजे दुःखाचा विसर होय, असा समज रूढ आहे. परंतु त्यामुळे शोकाकुल भाविकास आपल्या अश्रूंचीच लाज वाटू लागते, आणि हा त्याच्यावर मोठाच अन्याय आहे. या मुलुखातील काळ्या रानास वर भेगा पडू लागल्या तरी खोल उरलेल्या ओलीवर शाळू वाढत राहतो, तद्वत हा आनंद शोकाच्या तळाशी असतो, त्याच्या जागी नव्हे. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात प्रथम पत्नी व पुत्र गमावलेल्या, व्यापार बुडालेल्या तुकोबांनी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, कर्जखते इंद्रायणीत सोडली; विठ्ठलाशी भांडणे, त्याच्याकडे गाऱ्हाणे मांडणे मात्र त्यांनी अभंगांतून चालू ठेवले.