पक्षाची प्रवक्ता न्यायमूर्ती झाली तर हरकत नेमकी कशाला?

२८ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने मुंबई उच्च न्यायालयासाठी तीन वकिलांची नावं मंजूर केली. त्यातलं एक आरती साठे यांचं. त्या २०२३ मध्ये महाराष्ट्र भाजपच्या प्रवक्त्या झाल्या होत्या. आमदार रोहित पवारांनी नि:पक्षपातीपणाचा मुद्दा काढला. भाजपचं उत्तर असं, की त्यांनी जानेवारी २०२४ मध्येच राजीनामा दिलाय. ऑगस्टमध्ये केंद्राने नियुक्ती केलीसुद्धा.

कायद्याने यात अडचण नाही. राज्यघटनेचं कलम २१७ भारतीय नागरिकत्व आणि उच्च न्यायालयातली दहा वर्षांची वकिली (किंवा दहा वर्षं न्यायिक पद) मागतं. पक्षाबद्दल काहीच म्हणत नाही. कृष्ण अय्यर तर १९५७ च्या केरळ सरकारात मंत्री होते, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

पण पात्रता वेगळी आणि योग्यता वेगळी. व्हिक्टोरिया गौरी यांच्या मद्रास उच्च न्यायालयातल्या नेमणुकीला आव्हान दिलं गेलं, तेव्हा २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक केला: पात्रता आम्ही तपासू शकतो, योग्यता ठरवणं कॉलेजियमचं काम. म्हणजे खरी परीक्षा बंद दाराआड होते.

अमेरिकेत सिनेट उमेदवाराला सगळ्यांसमोर प्रश्न विचारतं. पण तिथेही मतं बहुतेक पक्षानुसारच पडतात, त्यामुळे तो उपाय जसाच्या तसा उचलून भागणार नाही.

आपल्याकडेच एक बरं उदाहरण आहे. सोमशेखर सुंदरेसन यांच्या समाजमाध्यमांवरच्या मतांमुळे केंद्राने त्यांच्या नावाला हरकत घेतली. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमने ती हरकत आणि तिच्यावरचं आपलं उत्तर, दोन्ही जाहीर केलं. आपल्याला ते पटो न पटो, वाद घालायला हातात कागद होता. साठेंच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या निवेदनात फक्त नावं होती.

शोधनिबंधात आम्हाला आमचे हितसंबंध लिहून द्यावे लागतात. कंपनीचे पैसे घेतले म्हणून निबंध बाद होत नाही. वाचणाऱ्याला माहीत असावं, एवढंच. इथेही कॉलेजियमने दोन ओळी लिहिल्या असत्या, की पक्षकार्याचा विचार केला आणि अमुक कारणाने ते आड आलं नाही, तर बराच फरक पडला असता.

मीरा-भाईंदरमधला जमिनीचा किंवा महापालिकेविरुद्धचा वाद शेवटी याच न्यायालयात जातो. तिथे हरलेल्या माणसाला 'निकाल पक्षाने दिला' असं वाटू नये, यासाठी तरी त्या दोन ओळी हव्यात.