परसातले तिखट : तंजावरच्या कुंडीतील मिरची

मिरचीवाचून आपला स्वयंपाक चालत नाही. भाजी, आमटी, चटणी, लोणचे, कशाचेही नाव घ्या. मिरची तेथे हजर असतेच. त्यामुळे ती आपल्या देशात अनादि काळापासून आहे, असा आपला सहज समज होतो. वस्तुतः मिरची ही आपल्याकडे आलेली पाहुणी आहे. तिचे माहेर मेक्सिको व दक्षिण अमेरिका. १४९२ साली कोलंबस मसाल्याच्या देशांचा शोध घेत निघाला आणि अमेरिकेच्या बेटांवर जाऊन पोहोचला. तेथे त्याला मिरी मिळाली नाही, मिरची मिळाली. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या गलबतांतून ती हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरली. आपल्या प्राचीन ग्रंथांत तिचा पत्ता नाही. तिखटाचे काम त्या काळी मिरी, सुंठ व पिंपळी करीत असत.

या पाहुणीला आपण नाव दिले तेही मिऱ्यांवरूनच. मराठीत मिऱ्यांवरून मिरची झाली. तामीळ भाषेत मिऱ्यांना ‘मिळगु’ म्हणतात. त्याला फळवाचक ‘काय’ जोडून ‘मिळगाय’ हा शब्द तयार झाला. दोन भाषांना एकच युक्ती सुचली, ही गंमत खरीच. आणि या दोन भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात बोलल्या जाताना ऐकावयाच्या असतील, तर कावेरीच्या काठच्या तंजावरला जावे.

१६७५ च्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी तंजावरला आपली सत्ता स्थापिली. ते राज्य १८५५ पर्यंत टिकले. राजांबरोबर सरदार, शास्त्री, कारकून व कारागीर अशी अनेक मराठी कुटुंबे तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा मराठी शिलालेख बृहदीश्वराच्या मंदिरात आजही वाचावयास मिळतो. सरफोजी राजांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. त्यांत धर्मग्रंथ व नाटके आहेत, तसा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा स्वयंपाकाचा ग्रंथही आहे. राजवाड्यातील मुदपाकखान्याला ग्रंथाचा मान मिळावा, यावरून त्या दरबाराची रसिकता ध्यानी येते.

परंतु सामान्य घराचे तिखट ग्रंथात नसते, ते परसात असते. तंजावरच्या जुन्या घराची रचना लांबट. दर्शनी भागी ‘तिण्णै’ म्हणजे ओटी, मध्ये उघडा चौक आणि अगदी मागे ‘कोल्लै’ म्हणजे आपले परसदार. तेथे विहीर, केळी, शेवगा, कढीलिंब आणि त्यांच्या आडोशाला मिरचीची चार रोपे. आता वाटण्या झाल्या, घरांच्या जागी मजले उठले, परसात फरशी आली. मुंबई-पुण्याच्या वाचकांना हे निराळे सांगावयास नकोच. जमीन गेली, पण ऊन राहिले आहे. आणि जेथे ऊन आहे तेथे एका कुंडीत मिरची होते.

बाजारात मिरची मुबलक मिळत असता ही खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. त्याची कारणे तीन. पहिले कारण म्हणजे, मिरची हे पुष्कळ फवारणी होणारे पीक आहे. २०२१ साली आंध्र व तेलंगणातील मिरचीच्या शेतांवर परदेशातून आलेल्या फुलकिड्यांची धाड पडली आणि शेतकऱ्यांनी पीक वाचविण्यासाठी औषधांवर अतोनात खर्च केला. घरच्या झाडावर काय शिंपडले, हे निदान आपणांस ठाऊक असते. दुसरे असे की, ताज्या मिरचीत ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असते. हंगेरीतील सेगेद येथे आल्बेर्त सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने मिरचीच्याच एका जातीपासून हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे काढले. जीवनसत्त्वावरील संशोधनासह त्याच्या कार्याबद्दल १९३७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. वाळविल्यावर यातील बराचसा भाग नाहीसा होतो. म्हणून झाडावरून तोडून थेट पानात आलेल्या मिरचीचे मोल अधिक. तिसरे कारण बियाण्याचे. ते सर्वांत महत्त्वाचे असल्याने शेवटी सांगू.

कुंडी आणि माती

कुंडी निदान बारा इंच रुंद व तितकीच खोल असावी. मातीची कुंडी उत्तम. तथापि रंगाचा रिकामा डबा, तेलाचा पत्र्याचा डबा किंवा जुनी बादलीही चालते, मात्र डबा आधी स्वच्छ धुतलेला असावा. तळाला चार-पाच भोके हवीतच. भोके नसलेल्या डब्यात मिरची लावणे म्हणजे तिला पाण्यात बुडविणे होय.

कावेरीच्या खोऱ्यातील गाळाची माती भातासाठी नामांकित आहे. तंजावरच्या डोलणाऱ्या बाहुल्याही परंपरेने मातीच्याच होत. परंतु जी चिकणमाती भाताला व बाहुलीला मानवते, ती कुंडीतील मिरचीला मानवत नाही. ती भिजली की चिखल होतो, वाळली की भेगा पडतात आणि मुळांना हवा मिळत नाही. यासाठी बागेतील माती एक भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग आणि वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग असे मिश्रण करावे. महाराष्ट्रातील काळ्या मातीलाही हाच उपाय लागू पडतो.

पेरणीचा हंगाम

तंजावरला मुख्य पाऊस येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्येकडून. सप्टेंबर-ऑक्टोबरात बी पेरून रोपे ओटीच्या आडोशाला वाढविली, तर पावसाचा मारा चुकतो आणि जानेवारी ते मार्च या कोवळ्या उन्हाच्या महिन्यांत झाड फळांनी भरते. महाराष्ट्रात जूनमध्ये किंवा पाऊस ओसरल्यावर पेरणी करावी. उत्तरेकडील वाचकांनी कडाक्याची थंडी सरेपर्यंत थांबावे. गारठ्यात मिरची वाढत नाही.

बी पाव इंचाहून खोल पेरू नये. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. या वेळी पाणी शिंपडावे, ओतू नये. फार ओल झाली की कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. सुमारे चाळीस दिवसांनी, पाच-सहा पाने आली म्हणजे सायंकाळच्या वेळी रोप मोठ्या कुंडीत हलवावे. एका कुंडीत एकच रोप. चार रोपे दाटीने लावली तर चारही उपाशी राहतात.

ऊन, पाणी व तिखटपणा

मिरचीला दिवसातून सहा तास तरी ऊन हवे. मात्र एप्रिल-मे महिन्यांत, पारा पस्तिसाच्या वर जाऊ लागला की फुले गळतात. अशा वेळी कुंडी दुपारपुरती सावलीत सरकवावी. शेतकऱ्याला न मिळणारी ही सोय कुंडीवाल्याला आहे. बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तर पाणी द्यावे, ओले लागले तर हात आवरावा. झाड हिरवेगार वाढते पण फुलत नाही, अशी तक्रार पुष्कळ गृहिणी करतात. खताचा अतिरेक हे त्याचे नेहमीचे कारण असते. तीन-चार आठवड्यांनी मूठभर शेणखत एवढे पुरे.

मिरचीचा तिखटपणा बियांत असतो हा समज सार्वत्रिक आहे, पण खरा नाही. तो असतो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतील पांढऱ्या गाभ्यात. बियांना तो केवळ लागलेला असतो. त्या द्रव्याला कॅप्सायसिन म्हणतात. तिखटपणा मोजण्याची रीत अमेरिकन औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल याने १९१२ साली घालून दिली. याच मापाने आपल्या ईशान्य भारतातील भूत जोलोकिया दहा लाखांच्या वर भरली आणि २००७ साली जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची नोंद झाली. तो मान आता इतर जातींकडे गेला आहे. पक्ष्यांना हा तिखटपणा मुळीच जाणवत नाही. पोपट मिरची आनंदाने खातो तो यामुळेच; आणि निसर्गात मिरचीचे बी दूरवर पसरते तेही पक्ष्यांमुळेच.

तिखटाची हौस असणाऱ्यांनी दक्षिणेतील कांतारी मिरची कुंडीत जरूर लावावी. फळे इवलीशी, आकाशाकडे तोंड करून येणारी, पण झणझणीत. नीट जपले तर हे झाड दोन-तीन वर्षे फळ देते. आपल्याकडील लवंगी व ज्वाला याही कुंडीत उत्तम येतात. फळे धरू लागल्यावर पाण्याचा किंचित ताण दिल्यास तिखटपणा बहुधा वाढतो. मात्र झाड कोमेजेपर्यंत ताण देऊ नये.

कीड व रोग

पाने आकसून वाकडी होऊ लागली, म्हणजे ज्याला आपले शेतकरी ‘चुरडा-मुरडा’ किंवा ‘बोकड्या’ म्हणतात तो रोग दिसला, की फुलकिडे, कोळी अथवा पांढरी माशी यांचा उपद्रव समजावा. रोज सकाळी पानांची खालची बाजू पाहण्याची सवय ठेवावी. आरंभीच पाण्याचा फवारा मारून पाने धुतल्यास पुष्कळ किडे जातात. निंबोळीच्या अर्काची फवारणी आठवड्याने करावी. झाड पुरते आकसले असेल तर मोह सोडून ते उपटून टाकावे, नाहीतर शेजारच्या कुंड्याही जातील.

तोडणी आणि ताकातली मिरची

हिरव्या मिरच्या वेळेवर तोडल्या की झाड पुन्हा नव्या जोमाने फुलते. चिरताना हातांची आग झाली तर नुसत्या पाण्याने जात नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. प्रथम हातांना तेल चोळावे, मग साबणाने धुवावे. जिभेची आग होत असेल तर दूध किंवा दही घ्यावे. कुंडी लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

एकदम फळे आली तर तंजावरच्या घरांतील ‘मोर मिळगाय’ करून पाहावी. ‘मोर’ म्हणजे ताक. जाडसर, बुटक्या मिरच्यांना टोचे मारून त्या मीठ घातलेल्या आंबट दाट ताकात रात्रभर ठेवतात. सकाळी बाहेर काढून उन्हात वाळवितात, संध्याकाळी पुन्हा त्याच ताकात घालतात. तीन-चार दिवसांत ताक मुरते. मग मिरच्या कडकडीत वाळवून बरणीत भरतात. तेलात तळून दहीभाताबरोबर त्या खाव्यात. आपल्या सांडग्या मिरचीची ही सख्खी बहीणच.

बी जपावे

आता त्या तिसऱ्या कारणाकडे वळू. बाजारातील बियाण्याच्या पाकिटांत पुष्कळदा संकरित बी असते. त्याचे पहिले पीक भरघोस येते. परंतु त्या फळांचे बी पेरले तर झाडे आईसारखी निपजत नाहीत. दर वर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. जुन्या देशी वाणांचे बी मात्र घरचे घरी धरता येते, आणि असे वाण आज अनेक ठिकाणी केवळ चार-दोन परसांत उरले आहेत. मोठ्या शेताला ते परवडत नाहीत, दुकानदार ठेवीत नाहीत. ज्या घराने पेरणे सोडले, त्या घरापुरते ते संपले.

बी धरणे अवघड नाही. सर्वांत निरोगी झाड निवडावे. मिरचीचे फूल बहुधा स्वतःच फळते, पण मधमाश्या शेजारच्या वाणाचे परागही आणतात. म्हणून एका फांदीवर कळ्या असतानाच पातळ मलमलची पिशवी बांधावी व रोज ती फांदी हलकेच हलवावी. फळ धरले की पिशवी काढून तेथे दोऱ्याची खूण करावी. ती फळे झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावीत, सावलीत वाळवावीत, बी काढून थोड्या कोरड्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावे. बाटलीवर वाणाचे नाव, गाव व वर्ष लिहावे. दोन वर्षांच्या आत ते पेरावे. फार दिवस ठेवलेले बी उगवत नाही.

तंजावरची मराठी कुटुंबे आपली भाषा अशाच रीतीने सांभाळीत आली आहेत. मंदिरातील लेख दगडावर आहे, तो पेरावा लागत नाही. घरातील बोली मात्र प्रत्येक पिढीने नव्याने मुलांच्या तोंडी घालावी लागते. तिच्यात तामीळ शब्द मिसळले म्हणून ती मराठी राहिली नाही असे नाही. परदेशातून आलेली मिरची आपली झाली, तसे ते शब्दही तिचे झाले.

तेव्हा वाचकहो, यंदा एक कुंडी मिरचीसाठी राखून ठेवा. बी शक्यतो दुकानातून न आणता एखाद्या आजीकडून, गावाकडच्या आप्ताकडून मागून आणा आणि त्याची हकीकतही विचारून घ्या. पीक आल्यावर चिमूटभर बी दोन शेजाऱ्यांना द्या. आपले झाड कधी रोगाने गेले, तर तेच बी त्यांच्या दारातून आपणांस परत मिळेल.