वेल तुटल्यानंतर

कारंज्यात उभे राहून श्रद्धेवर बोलणे हे आमच्यासारख्याला थोडे धाडसाचेच वाटते. ज्या गावी श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म झाला आणि जेथे दत्तजयंती जवळ आली की घरोघर गुरुचरित्राचे सप्ताह बसतात, त्या गावाला आम्ही नवे काय सांगणार? आमचे आयुष्य जिनाच्या फाटकावर गेले. शाळा सातवीत सुटली; पुढे जे वाचन झाले ते पाळी संपल्यावर, रात्री. तथापि तीस वर्षे कामगारांत वावरताना एक प्रश्न आम्हांला पुन्हा पुन्हा विचारला गेला: “भाऊ, देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे गप्प बसायचं का?” त्याचे उत्तर आम्हांला याच गावाशी नाते असलेल्या पोथीत सापडले, म्हणून हा प्रपंच.

सोळाव्या शतकात सरस्वती गंगाधर यांनी लिहिलेल्या गुरुचरित्रातील तीन प्रसंग आपण पाहू. पहिला आपल्या गावचाच आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस येथे माधव आणि अंबा या दांपत्याला मुलगा झाला. नाव नरहरी. मुंज होईपर्यंत तो बोलला नाही, आणि बोलू लागला तो वेदच. लगेच त्याने घर सोडण्याची आज्ञा मागितली. आईने आकांत केला. तिला पुढे आणखी मुले होईपर्यंत तो थांबला आणि मग काशीस गेला. तेथे कृष्णसरस्वतींकडून त्याने संन्यास घेतला. तीस वर्षांनी भेटेन असा शब्द आईला दिला होता. त्याप्रमाणे तो कारंज्यास आला.

पोथीत ही तीस वर्षे चटकन सरतात. पण हिशेब करा. तीस वर्षे म्हणजे जवळजवळ अकरा हजार सकाळी. त्या प्रत्येक सकाळी त्या माउलीने अंगण झाडले असेल, चूल पेटवली असेल, धाकट्या मुलांना वाढवले असेल. पुढे नरसोबाची वाडी, गाणगापूर ही स्थाने स्वामींमुळे प्रसिद्धीस आली. आईच्या वाट्याला मात्र वाट पाहणे आणि घरचे काम एवढेच आले. भरवसा म्हणजे एका दिवसाचा नवस नव्हे. उत्तर आलेले नसताना आजचे काम आज करणे, हा भरवसा.

दुसरा प्रसंग चौदाव्या अध्यायातला. सायंदेव हा ग्रंथकाराचा पूर्वज. तो एका क्रूर अधिकाऱ्याच्या पदरी चाकरीला होता. एके दिवशी त्याला बोलावणे आले. गेलो की जीव जाणार अशी त्याची खात्री होती. त्याने गुरूंचे पाय धरले. गुरूंनी काय सांगितले? लपून राहा, असे सांगितले नाही. पळून जा, असेही नाही. निर्भय होऊन जा, आणि तू परत येईपर्यंत आम्ही येथून हलणार नाही, असे सांगितले. सायंदेव गेला आणि वस्त्रे घेऊन सन्मानाने परतला.

या कथेत चमत्कार आहेच. पण आमचे लक्ष नेहमी त्या वाटेकडे जाते. त्या अधिकाऱ्याच्या दारापर्यंत सायंदेवाला स्वतःच्याच पायांनी चालावे लागले. गुरूंनी त्याचे जाणे वाचवले नाही. त्याची भीती तेवढी वाटून घेतली. आमच्या एखाद्या कामगाराला कचेरीत एकट्याला बोलावणे येई, तेव्हा बाकीचे सारे फाटकाशी थांबून राहत. आत काय बोलायचे ते त्याचे त्यालाच बोलावे लागे. पण बाहेर माणसे उभी आहेत हे ठाऊक असल्याने त्याचा आवाज कापत नसे.

तिसरा प्रसंग अठराव्या अध्यायातला. अमरापूर येथे एक दरिद्री ब्राह्मण कुटुंब होते. कोरान्न मिळाले तर बरे, नाही तर दारचा घेवडा शिजवून दिवस काढायचा. स्वामी भिक्षेला आले. घरात धान्य नव्हते. घेवड्याचीच भाजी वाढली. स्वामी तृप्त झाले आणि जाताना त्यांनी तो वेलच मुळाशी तोडून टाकला! बाई रडू लागली. नवऱ्याने तिची समजूत घातली, आणि उरलेले मूळ काढावे म्हणून जमीन खणू लागला. तेथे त्याला द्रव्याने भरलेला कुंभ सापडला.

ही कथा सांगताना सर्वांची दृष्टी कुंभावर जाते. आमच्या मते कथेचे मर्म वेल तुटल्यापासून कुदळ आपटेपर्यंतच्या काळात आहे. त्या माणसाला कुंभाची वार्ताही नव्हती. आधार गेला, तरी त्याने देवाला शिव्या दिल्या नाहीत, आणि हात बांधून बसलाही नाही. समोर पडलेले काम त्याने केले.

आमचाही वेल एकदा तुटला. एके वर्षी ऐन हंगामात जिनाला कुलूप लागले. रेचे थांबले, सरकीचे ढीग तसेच पडले. तीन महिने आम्ही फाटकावर बसलो. शेवटी काही पैसे मिळाले, काही बुडाले. काही जण पोटासाठी गाव सोडून गेले. कुंभ सापडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कापूस वेचून साफ करणारी एक मावशी मात्र एकही दिवस चुकली नाही. आम्ही कारण विचारले, तेव्हा म्हणाली, “देवापाशी दिवा लावला का पाय उचलते, भाऊ. तो देईन का नाही, ते त्याले माहीत. गेटावर याचं, ते माह्यं काम.” श्रद्धा आणि प्रयत्न यांचा संबंध याहून स्पष्ट सांगणारा पंडित आम्हांला भेटलेला नाही.

येथे एका गोष्टीचा इशारा दिला पाहिजे. आपल्या भागात कर्जापायी किती शेतकऱ्यांनी जीव दिला, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. 2006 साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत आपला वाशीम होता. अशा घरी जाऊन “श्रद्धा कमी पडली” असे म्हणणे हे पाप आहे.  भरवशाचा उपदेश दुसऱ्याला करण्यापूर्वी आपण त्याच्या दारी किती वेळ बसलो, हे पाहावे.

मग साधना कशी करावी? सप्ताहाचे कडक नियम पाळी करणाऱ्याला झेपतीलच असे नाही. त्याने रोज एक अध्याय वाचावा. तेही न जमल्यास ठरल्या वेळी थोडे नामस्मरण करावे. देवाशी सौदा करू नये. मजुरीचा हिशेबही सोडू नये, कारण हक्काची मजुरी मागितल्याने भक्ती उणी होत नाही. आणि संकटात सापडलेल्या शेजाऱ्याला, गुरूंनी सायंदेवाला दिला तो शब्द आपण द्यावा: तू जाऊन ये, तू परत येईपर्यंत आम्ही येथेच आहोत. असा शब्द पाळणारी चार माणसे ज्या गावात असतील, त्या गावात देवावर भरवसा ठेवणे कोणालाही फारसे अवघड जाणार नाही.