भाड्यात हप्ता निघतो का?

पुण्यात चार नोकरदार एकत्र आले की 'दुसरा फ्लॅट' हा विषय निघतोच. पहिला राहायला आणि दुसरा गुंतवणूक म्हणून. "भाड्यात हप्ता निघतो" हे त्या गप्पांतलं ठरलेलं वाक्य. ते इतक्या ठामपणे बोललं जातं की कागद-पेन घेऊन आकडेमोड करायची गरज कुणालाच वाटत नाही. आज ती करून बघू.

समजा, पश्चिम पुण्यातला रीसेलचा टू बीएचके ७५ लाखांना ठरला. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणी फी ३० हजार. एजंटाचा एक टक्का, ७५ हजार. रंग, किचन ट्रॉली, पंखे, गीझर, खिडक्यांच्या जाळ्या यांचे पावणेदोन लाखांच्या आत-बाहेर. घर पडलं ८३ लाखांना. जाहिरातीत दिसते ती फक्त पहिली रक्कम.

आता मिळकत. भाडं २२ हजार. वर्षातला एखादा महिना घर रिकामं राहतं हे गृहीत धरलेलं बरं, म्हणून ११ महिन्यांचे २ लाख ४२ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३० हजार, मिळकतकर १५ हजार, दर दोन वर्षांनी नवा भाडेकरू शोधण्याच्या दलालीतला वर्षाचा वाटा ११ हजार, प्लंबर-रंगारी वगैरे १२ हजार वजा करा. हातात राहिले १ लाख ७४ हजार. ८३ लाखांवर हे जेमतेम २.१ टक्के होतात. साधी मुदत ठेवही याहून जास्त देते.

आणि हप्ता? ६० लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर तो महिना ५२ हजारांच्या आसपास बसतो. भाड्यात हप्ता निघत नाही, निम्मासुद्धा निघत नाही.

मग दुसरं घर घ्यायचंच नाही का? तसं नाही. पण असा फ्लॅट घेणारा माणूस भाड्यासाठी घेत नसतो, भाव वाढेल या भरवशावर घेत असतो, हे त्याने स्वतःशी कबूल करावं. भाव वाढतातही. पुण्याच्या काही भागांत मात्र ते वर्षानुवर्षं जागेवर बसून राहिले आणि त्या काळात व्याजाचं मीटर चालूच होतं. ज्याला खरोखर दरमहा भाडं हवंय, त्याने टू बीएचकेच्या मागे न लागता वन बीएचके किंवा वन आरके बघावा, तोही मोठं रुग्णालय, कॉलेज किंवा कंपन्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. लहान घराला किमतीच्या मानाने भाडं जास्त येतं, आणि एक भाडेकरू गेला तरी दुसरा लवकर मिळतो. क्लबहाउस, स्विमिंग पूल यांचा मेंटेनन्स मालक भरतो. त्यापायी भाडेकरू दोन हजार जास्त देतोच असं नाही.

खरेदीतल्या दोन गोष्टी सहज विसरल्या जातात. घर फक्त घरातल्या बाईच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. वरच्या उदाहरणात ते सरळ ७५ हजार झाले. दुसरी गोष्ट म्हणजे विकणारा परदेशात राहतो का, हे विचारा. कोथरूड-औंधमधले कितीतरी रीसेल फ्लॅट अमेरिकेत किंवा आखातात स्थायिक झालेल्यांचे आहेत. विकणारा इथला रहिवासी असेल आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल, तर खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापायचा असतो. तो अनिवासी असेल, तर मात्र ५० लाखांची ती मर्यादाच लागू होत नाही आणि कापायचा दर बराच चढा असतो. तिथे एक टक्का कापून मोकळे झालात, तर उरलेल्या कराची नोटीस तुमच्या नावाने येते, विकणाऱ्याच्या नाही.

भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत स्वस्त मिळते. गुंतवणुकीसाठी तरी तिच्या वाटेला जाऊ नये, कारण पुढे विकताना तुमच्या गिऱ्हाइकाला कर्ज देताना बँक नेमका तोच कागद मागते.

घर ताब्यात आलं की खरा धोका सुरू होतो, आणि तो बहुतेक वेळा भाडेकरूमुळे नसून मालकाच्या कंजुषीमुळे असतो. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला, नोटरी करून टाकू" हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. बारा महिन्यांच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, ही समजूत केंद्रीय नोंदणी कायद्यातून आलेली. महाराष्ट्रात ती चालत नाही. राज्याचा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू आहे आणि त्याचं ५५वं कलम अगदी स्वच्छ आहे. करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

त्या कलमातली खरी मेख शिक्षेत नाही. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं. खोटं ठरवायचं तर पुरावा मालकाने आणायचा. भाडं २२ हजार ठरलं होतं की १२ हजार, मुदत अकरा महिन्यांची होती की पाच वर्षांची, हे सांगण्याचा पहिला मान भाडेकरूचा. उलट नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार असेल आणि मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल, तर २४व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे करारात लिहिलेलं अंतिम मानलं जातं आणि बळेच राहिलेल्या काळासाठी दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. दिवाणी दाव्याच्या वर्षांपुढे हा मार्ग फारच जवळचा.

नोंदणीचा खर्च तरी किती? एकूण भाडं आणि अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कम, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. आपल्या उदाहरणात ५० हजारांची अनामत धरली, तर हे साधारण सव्वासहाशे रुपये होतात. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. अंगठा लावून हे काम घरबसल्या ऑनलाइन होतं. एवढ्या पैशांसाठी ८३ लाखांचं घर टांगणीला लावणाऱ्यांना काय म्हणावं! भाडेकरूची माहिती पोलिसांकडेही ऑनलाइन नोंदवून त्याची पोच जपून ठेवा.

सोसायटीशी वाद होतो तो नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसवरून. भाड्याने दिलेल्या घराकडून सोसायटी जास्त पैसे घेऊ शकते, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. राज्य सरकारने २००१मध्येच ही मर्यादा घातली. सेवाशुल्कात मिळकतकर धरायचा नसतो. तरीही सर्वसाधारण सभेत ठराव करून सरसकट हजार-दोन हजार लावणाऱ्या सोसायट्या आहेत. कमिटीला परिपत्रक दाखवा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. पुण्यात आणखी एक भार पडतो. मालक स्वतः राहत असेल, तर महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती जाते.

"कर्ज काढा, टॅक्स वाचेल" हा सल्ला आता शिळा झालाय. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि व्याजही वजा होतं. पण त्यातून दिसणारा तोटा पगारातून वळता करायची सोय जुन्या करप्रणालीतच आहे, आणि तिथेही वर्षाला दोन लाखांपर्यंतच. नव्या प्रणालीत पगाराशी त्याची सांगड घालता येत नाही. स्वतःहून जुनी प्रणाली निवडली नसेल, तर तुम्ही नव्यातच आहात.

नव्या प्रकल्पात घर घेणार असाल, तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. मंजूर नकाशे, ताब्याची जाहीर केलेली तारीख, जमिनीवरचे खटले, सगळं तिथे फुकट बघायला मिळतं. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. जास्त मागत असेल तर चेकबुक पिशवीतच ठेवा.