सातपुड्याच्या पायथ्याची भेग

यावल-रावेरच्या केळीच्या बागांतून उत्तरेकडे पाहिलं की सपाट रानातून सातपुडा एकदम उभा ठाकलेला दिसतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून इथला काळा कातळ तयार झाला. पुढे डोंगराच्या पायथ्याशी तो लांबलचक भेगेने तुटला आणि दक्षिणेची बाजू खचली. त्या खोलगट पट्ट्यातून तापी पश्चिमेला निघाली. अडावदजवळच्या उनपदेवला गोमुखातून पडणारं गरम पाणी म्हणजे खोलवरच्या त्याच तुटीची खूण.

ही भिंत ओलांडायच्या वाटा मोजक्याच, त्यामुळे इतिहासही त्याच वाटांनी आला. बुऱ्हाणपूरच्या खिंडीवर असीरगडाचा पहारा होता. दख्खनचा दरवाजाच तो! १६०१ मध्ये अकबराने तो घेतला आणि फारुकी सुलतानांचं खानदेश संपलं. आज त्याच खिंडीतून भुसावळ-खंडवा रेल्वे जाते, आणि फारुकींची राजधानी बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे. दुसरी वाट शिरपूरहून सेंधव्याच्या घाटाची, म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्याची. तिची राखण करणारे भिल्ल नायक खाज्या नाईक १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. खानदेशाच्या इतिहासात या लढाईला मिळते त्याहून कितीतरी मोठी जागा मिळायला हवी.

पण या भेगेचं सगळ्यात मोठं देणं जमिनीखाली आहे. डोंगरातून धावत आलेला नाला पायथ्याला येताच मंदावतो आणि वाहून आणलेला माल टाकतो: आधी धोंडे, मग गोटे, पुढे जाडी वाळू, शेवटी गाळ. हाच बझाडा पट्टा. पावसाळ्यात भरून आलेला नाला या गोट्यांत शिरतो आणि काही अंतरावर कोरडा पडतो. पाणी आत मुरतं, उताराने तापीच्या गाळात उतरतं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या पाण्याच्या जिवावर.

पण मुरतं त्याहून उपसा जास्त झाला. विहिरी आटल्या, बोअर खोल खोल गेले. तापीचं पुराचं पाणी याच पट्ट्यात मुरवण्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने भोपाळला केला. एकट्या राज्याला ते जमणारंच नव्हतं, कारण हा पट्टा राज्याच्या सीमेवर थांबत नाही. रावेरच्या पुढे बुऱ्हाणपूरच्या बागांखालीही तेच गोटे आहेत.