भोंगा ऐकू येतो, पण कोणत्या दिशेने?

श्रीरामपूर हे शहर रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंना वसलेले आहे. संगमनेरकडून बाभळेश्वरमार्गे येणारा रस्ता शहरातून पुढे नेवाशाकडे जातो. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की दुचाकी, रिक्षा आणि एस.टी. यांच्या जोडीला उसाच्या बैलगाड्या व दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. याच गर्दीतून रुग्णवाहिकेला लोणीच्या किंवा अहिल्यानगरच्या मोठ्या रुग्णालयाकडे वाट काढावी लागते. तिला वाट द्यावी असे बहुतेकांना मनापासून वाटते. तरीही भोंगा वाजला की चौकात कोणी वेग वाढवतो, कोणी उजवीकडे सरकतो, तर कोणी मधोमध थांबतो. इच्छा असूनही असा गोंधळ का होतो? याचे उत्तर बऱ्याच अंशी ध्वनीच्या आणि कानाच्या विज्ञानात आहे.

दोन कानांचे गणित

आपल्या दोन कानांत सुमारे २० सेंटिमीटर अंतर असते. उजवीकडून येणारा आवाज उजव्या कानाला आधी आणि डाव्या कानाला नंतर पोहोचतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या दहा हजार भागांपैकी ६ भाग इतकाच येतो. एवढ्या सूक्ष्म फरकावरून मेंदू डावे-उजवे ओळखतो.

पण आवाज नेमका समोरून किंवा नेमका पाठीमागून आला तर? दोन्ही वेळा तो दोन्ही कानांना एकाच क्षणी पोहोचतो. म्हणून पुढचे-मागचे ओळखताना आपली फसगत होते. एरवी आपण मान वळवून शंका फेडून घेतो, परंतु वाहन चालवताना तेवढी सवड नसते. शिवाय मोटारीत आवाज उघड्या काचेतून अधिक येतो, त्यामुळे तो त्याच बाजूने आल्यासारखा वाटतो. चौकात दुकानांच्या भिंतींवरून होणारे परावर्तन या घोटाळ्यात भर घालते.

स्वरावरून काही कळेल का?

जवळ येणाऱ्या ध्वनिस्रोताचा स्वर चढतो आणि दूर जाणाऱ्याचा उतरतो. हा डॉप्लर परिणाम विद्यार्थ्यांना माहीत असतो. रुग्णवाहिकेचा वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर असेल, तर ती जवळ येताना भोंग्याची वारंवारता सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेली ऐकू येते. पेटीच्या लगतच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत सुमारे ६ टक्क्यांचा फरक असतो. म्हणजे हा बदल एका पट्टीएवढाही नाही. त्यातच भोंगा स्वतःच सतत चढत-उतरत असतो. मग मूळ स्वर कोणता आणि वेगामुळे झालेला बदल कोणता, हे कानाला वेगळे करता येत नाही.

पावणेचार सेकंदांचा प्रश्न

आता एक हिशेब करू. समजा, भोंग्याची पातळी १० मीटरवर १०० डेसिबल आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने घटते. म्हणजे २० मीटरवर ती ९४ आणि ४० मीटरवर ८८ होईल. मोटारीच्या बंद काचांनी २५ डेसिबल अडवले असे धरले, तर आत ६३ उरतील. इंजिन, पंखा आणि गाणी यांचा आवाजही साधारण तेवढाच असतो. मग ४० मीटरच्या अलीकडे आल्याखेरीज भोंगा चालकाच्या लक्षात येणार नाही. कोपऱ्यावरील इमारतींनी आवाज अडवला तर हे अंतर आणखी कमी होईल.

हे ४० मीटर रुग्णवाहिका सुमारे २.४ सेकंदांत तोडते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या आपल्या मोटारीला मात्र थांबायला किती वेळ लागतो? भान येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंत १.५ सेकंद आणि पुढे वाहन थांबेपर्यंत सुमारे २.२ सेकंद, असे एकूण ३.७ सेकंद. एवढ्यात आपण जवळजवळ २९ मीटर पुढे गेलेलो असतो. रुग्णवाहिका आडव्या रस्त्याने येत असेल तर भोंगा ऐकल्यावर सावध होऊन भागत नाही, हे यावरून दिसते. म्हणून कोणत्याही चौकाजवळ वेग आधीच कमी हवा आणि काच थोडी उघडी हवी. भरलेल्या ट्रॅक्टरला तर थांबायला याहूनही अधिक अंतर लागते.

मग करावे काय?

भोंगा कोणत्या दिशेने येतो हे निश्चित नसेल, तर जी कृती चारही दिशांना योग्य ठरेल तीच करावी.

१. चौकात शिरलो नसू तर अलीकडेच डाव्या कडेला थांबावे. चौकाचा मधला भाग रिकामा राहिला की रुग्णवाहिका कोणत्याही दिशेला वळू शकते.

२. चौकात शिरलोच असू तर मध्येच थांबू नये. चौक ओलांडून पलीकडे डावीकडे थांबावे.

३. सिग्नल लाल असेल तर वाट देण्यासाठी तो तोडून सुसाट जाऊ नये. पोलीस हात दाखवील तसे वागावे, एरवी जागच्या जागी डावीकडे सरकावे. त्यासाठी पुढच्या वाहनाची मागची चाके दिसतील एवढे अंतर सोडून उभे राहण्याची सवय हवी.

४. एक रुग्णवाहिका गेली म्हणून लगेच निघू नये, तिच्यामागे दुसरी असू शकते. तिच्या मागे लागून आपली वाट काढणे तर सर्वांत धोक्याचे.

मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ यांमध्ये कडेला होऊन वाट देण्याचे बंधन आहे. तातडीच्या कामावरील वाहनाला लाल दिवा ओलांडण्याची मुभा आहे, पण तीही पुरेशी काळजी घेऊनच. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९४-ई नुसार वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याहून आणलेले हृदय मुंबई विमानतळावरून मुलुंडच्या रुग्णालयात नेताना पोलिसांनी रस्ता आधीच मोकळा ठेवला होता. अशी सोय प्रत्येक रुग्णासाठी करता येत नाही. पण हृदयक्रिया बंद पडल्यावर उपचारांविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. आठ चौकांत प्रत्येकी अर्धा मिनिट वाचला तर चार मिनिटे हाती येतात.

वर्गासाठी प्रयोग

एका विद्यार्थ्याला मैदानात डोळे बांधून बसवा आणि मान न हलवण्यास सांगा. इतरांनी चारही बाजूंनी आळीपाळीने, एका वेळी एकानेच, टाळी वाजवावी. डावे-उजवे किती वेळा बरोबर आले आणि पुढे-मागे किती वेळा, याचा तक्ता करा. मग मान हलवण्याची मुभा देऊन प्रयोग पुन्हा करा. शेवटी फक्कीने चौक आखून वरील चार नियम करून पाहा. उद्या स्कूटर किंवा ट्रॅक्टर चालवणार आहेत ती हीच मुले, आणि नियमामागचे कारण एकदा स्वतः पडताळून पाहिले की तो ऐनवेळी आठवतो.