घरचे इंटरनेट वारंवार का तुटते?

आपल्या वारजे परिसरात आता बहुतेक घरी इंटरनेट आहे आणि जवळजवळ तितक्याच घरी त्याविषयी तक्रारही आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना किंवा परीक्षेचे प्रवेशपत्र काढताना ते नेमके बंद पडते. मग केबलवाल्याला फोन, 'राउटर बंद करून चालू करा' हे ठरलेले उत्तर आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सभासद बंधू-भगिनींना व विशेषतः विद्यार्थी मित्रांना दोष कोठे आहे हे स्वतः शोधता यावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे. मी या विषयातील अभियंता नाही. घरच्या अडचणीमुळे जे शिकावे लागले तेवढेच सांगतो.

२०२१ साली शाळा-महाविद्यालये बंद होती. माझी मुलगी त्या वर्षी बारावीला होती. तिचा सकाळी सातचा तास सुरू झाला की इंटरनेट तुटे. तीन-चार मिनिटांनी परत येई, पण तोवर गणित फळ्यावरून पुसले गेलेले असे. एका सराव परीक्षेचा बराच भाग असाच वाया गेला, तेव्हा ती रडली. केबलवाल्याच्या मुलाने आधी राउटर बदलला, मग तार बदलली, मग अडॅप्टर. फरक पडला नाही. अखेर आम्ही एका जुन्या वहीत इंटरनेट तुटण्याच्या वेळा लिहू लागलो. आठ दिवसांनी वही पाहिली तर सकाळी सातच्या आसपास आणि संध्याकाळी साडेसहाला अशा दोनच वेळा पुन्हापुन्हा येत होत्या. मधल्या गुरुवारी मात्र एकही नोंद नव्हती. त्या गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद होते!

उलगडा तेथेच झाला. आमच्या इमारतीत केबलवाल्याची पेटी जिन्यात आहे. तिच्यातील स्विच नावाच्या यंत्रातून प्रत्येक घरी तार जाते. या पेटीला वीज जिन्याच्या सामाईक मीटरवरून दिलेली होती आणि पाण्याची मोटरही त्याच मीटरवर. मोटर सुरू होते त्या क्षणी ती नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते. त्यामुळे विजेचा दाब क्षणभर खाली येतो. दिवा नुसता लुकलुकतो, पण स्विच बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मग राउटर नव्याने जोडणी मागतो आणि यात तीन-चार मिनिटे जातात. पेटीत एक लहान बॅटरीचा यूपीएस बसविल्यावर ही तक्रार थांबली. तीन वेळा बदललेल्या वस्तूंपैकी एकही बिघडलेली नव्हती.

म्हणून पहिले काम वहीचे. तारीख, वेळ, किती मिनिटे, बाहेर पाऊस होता का, वीज गेली होती का, घरातील सर्वच उपकरणांवर बंद होते की एकाच मोबाइलवर, एवढे लिहावे.

दुसरे काम दोषाची हद्द ठरविण्याचे. इंटरनेट आपल्यापर्यंत तीन टप्प्यांत येते : बाहेरून राउटरपर्यंत तार, मग राउटर आणि तेथून आपल्या मोबाइलपर्यंत बिनतारी लहरी, म्हणजे वायफाय. पुष्कळ वेळा बाहेरची तार ठीक असते आणि दोष वायफायचा असतो. संगणक असल्यास तो तारेने थेट राउटरला जोडून पाहावा. तारेवर नीट चालते आणि वायफायवर तुटते, असे आढळल्यास केबलवाल्याला बोलावण्यात अर्थ नाही. राउटर लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीमागे कोंबलेला असतो, तो मोकळ्या जागी उंचावर ठेवावा. दाटीच्या वस्तीत शेजारपाजारचे दहा-पंधरा राउटर एकाच वेळी बोलत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच आहेत. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी कमी असते, पण त्या लहरी भिंतीतून कमी पार होतात. त्यामुळे अभ्यासाच्या खोलीत राउटर असेल तर ५, पलीकडच्या खोलीत असेल तर २.४, असा साधा हिशेब ठेवावा.

हद्द ठरविण्यासाठी संगणकात पिंग नावाची एक आज्ञा असते. मोबाइलवरही तशी मोफत ॲप मिळतात. आज्ञा देऊन पुढे एखादा पत्ता लिहिला की त्या पत्त्यावर हाक जाते आणि उत्तर किती मिलिसेकंदांत आले ते दिसते. प्रथम राउटरचा पत्ता द्यावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या तळाशी छापलेला असतो. येथेच उत्तरे गळू लागली तर दोष घरात आहे. राउटर उत्तर देतो, पण ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता उत्तर देत नाही, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे. दोन्ही पत्ते उत्तर देतात, पण नाव लिहिल्यावर संकेतस्थळ उघडत नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस ही सेवा अडली आहे, तिचा पत्ता राउटरमध्ये बदलता येतो. आणि बाकी सर्व संकेतस्थळे उघडत असून अर्जाचेच उघडत नसेल, तर ते शेवटच्या तारखेच्या गर्दीत अडकले असावे. तेथे आपली तार निर्दोष आहे.

बाहेरची तार कोणत्या जातीची आहे हेही पाहून ठेवावे. टीव्हीच्या केबलसारखी जाड गोल तार असेल, तर ती कोअ‍ॅक्स होय. तिचा शत्रू पाणी. सैल जोडातून पावसाचे पाणी शिरते, आतील तांबे काळे पडते आणि जुलै-ऑगस्टमध्ये इंटरनेट ये-जा करू लागते. तार खिडकीतून आत येण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. एकाच तारेवरून टीव्ही आणि मोडेम चालविण्यासाठी लावलेला दुहेरी स्प्लिटर अर्ध्याहून अधिक शक्ती खातो (सुमारे ३.५ डेसिबल). तो काढून एक दिवस पाहावे.

आठ बारीक तारांची लॅन केबल असेल, तर तिची मर्यादा १०० मीटर आहे. गच्चीवरून, झाडावरून, दोन इमारती ओलांडून आणलेली केबल पुष्कळदा ती मर्यादा ओलांडते. शिवाय विजा चमकतात तेव्हा अशा तारेतून राउटर जळतो, म्हणून वादळात ती काढून ठेवावी.

केसासारखी बारीक काच असलेली फायबर तार असेल, तर पाऊस व विजेचा त्रास बराच कमी. तिला घडी मात्र सोसत नाही. खिडकीच्या फटीत चेंगरली की प्रकाश गळतो. राउटरवर एलओएस असे लिहिलेला लाल दिवा लागला, तर प्रकाशच पोहोचत नाही असे समजावे. तेव्हा राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. तारेच्या टोकात डोकावून पाहू नये, डोळ्याला अपाय होतो.

वेगाविषयी एक गैरसमज आहे. ४० मेगाबिटचे कनेक्शन असता फाइल सेकंदाला ५ मेगाबाइटने उतरली, तर फसवणूक झालेली नाही, कारण ८ बिटांचा १ बाइट होतो. पण वेग पूर्ण असूनही पिंगची शंभरातील पाच-दहा उत्तरे गळत असतील, तर तासाला शिक्षकांचा आवाज तुटेलच. त्यामुळे तक्रार करताना 'स्लो आहे' असे मोघम सांगू नये. किती उत्तरे गळली, कोणत्या वेळी, तारेवर की वायफायवर, ते सांगावे. आमच्या केबलवाल्याच्या मुलाला वही दाखविली तेव्हा त्याने प्रथमच जिन्यातील पेटी उघडली. त्यालाही बिचाऱ्याला रोज कितीतरी घरे हिंडायची असतात.

गल्लीतील केबलवाला पुष्कळदा मोठ्या कंपनीचा केवळ वितरक असतो. पावतीवर त्या कंपनीचे नाव असते, तक्रार तेथेही नोंदवावी. ट्राय या नियामक संस्थेच्या २०१२ सालच्या नियमांत तक्रारीला डॉकेट क्रमांक देण्याची आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाण्याची तरतूद आहे. तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही, म्हणून हा क्रमांक वहीत उतरवून ठेवावा.

परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या दिवशी दुरुस्ती करीत बसू नये. दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला एक मोबाइल चार्ज करून जवळ ठेवावा, त्याचा हॉटस्पॉट आदल्या दिवशी एकदा लावून पाहावा. आणि तासभर मोटर लावू नका, असे खाली वॉचमनला सांगून यावे. आमच्या घरी यूपीएस बसल्यानंतरही ही प्रथा चालू आहे.